लिडियाचा काळवंडलेला चेहरा

स्कायरिममध्ये व्हाइटरन नावाचं शहर आहे. शहराजवळचा पहिला ड्रॅगन मारला की तिथला जार्ल खेळाडूचा सन्मान करतो आणि त्याच्या दिमतीला लिडिया नावाची लढवय्यी बाई देतो. २०११ पासून हा खेळ खेळणाऱ्या बहुतेकांनी तिच्या पाठीवर आपलं ओझं लादलेलं आहे. माझ्या एका खेळात ती ड्रॅगन्सरीच महालात माझी वाट बघत उभी होती आणि तिचा चेहरा करडा-काळा पडला होता. मान नेहमीसारखी, हात नेहमीसारखे, फक्त चेहरा चुलीतल्या राखेत बुडवून काढल्यासारखा.

त्या दिवशी माझ्याकडे १४० च्या आसपास मॉड होते. प्रत्येकाचं वर्णन मी वाचलं होतं, क्रम लावून देणारं साधन चालवलं होतं आणि त्याने कुठेही इशारा दिला नव्हता. खेळ सुरू होत होता, मधेच बंद पडत नव्हता. तरीही लिडियाचा चेहरा बिघडला होता. हा दोष इतका जुना आणि इतक्या जणांना भेटलेला आहे की त्याला ‘डार्क फेस बग’ असं नावच पडलं आहे. तो नीट समजून घेतला की अनेक मॉड एकत्र नांदवायचे कसे, हा अख्खा प्रश्न उलगडतो. म्हणून सुरुवात लिडियापासून.

मॉड म्हणजे खेळाच्या मूळ कंपनीबाहेरच्या कुणीतरी, बहुधा फुकट, करून दिलेला बदल. नवी तलवार, दाट झाडं, नवं गाव, वर्षानुवर्षं राहून गेलेल्या चुकीची दुरुस्ती, काहीही. बेथेस्डाने २००२ मध्ये पीसीसाठी मॉरोविंड आणला तेव्हा खेळाबरोबरच तो बदलण्याचं हत्यारही दिलं. पुढे ऑब्लिव्हियन (२००६) आणि स्कायरिम आले, २०१६ मध्ये स्कायरिमची स्पेशल एडिशन आली, आणि हौशी लोकांच्या कामाचा डोंगर उभा राहिला. या लोकांनी एकमेकांना न विचारता, एकमेकांचं काम न बघता, एकाच खेळाच्या त्याच त्या भागांवर हात चालवला आहे. भांडणं होणारच होती.

स्कायरिमचा मॉड दोन प्रकारचा माल घेऊन येतो. पहिला म्हणजे साध्या फाइली: वस्तूंचे आकार, त्यांच्यावर चढवलेली चित्रं, आवाज, स्क्रिप्ट. दुसरा म्हणजे प्लगइन, म्हणजे ईएसएम, ईएसपी किंवा ईएसएल असं शेपूट असलेली फाइल. तिच्यात नोंदी असतात: हे पात्र कोण, त्याचा आवाज कोणता, त्याच्याकडे काय शस्त्र, ही खोली कशी, तिच्यात उजेड किती. दोन्ही मालांची रांग वेगळी लागते. एकाच नावाची फाइल दोन मॉडनी दिली तर ज्याला बसवण्याच्या क्रमात नंतरची जागा मिळाली त्याची उरते. शिवाय बीएसए नावाच्या गाठोड्यात बांधलेल्या फाइलीपेक्षा सुटी फाइल वरचढ ठरते. प्लगइनची रांग निराळी, तिला लोड ऑर्डर म्हणतात. ईएसएम आणि ईएसएल आधी, ईएसपी मागाहून, आणि एकाच नोंदीला दोघांनी हात लावला असेल तर शेवटी आलेला जिंकतो.

लिडियाच्या बाबतीत एका मॉडने तिचा चेहरा नव्याने घडवला होता. त्यासाठी त्याने तिची नोंद बदलली आणि चेहऱ्याचा तयार साचा व त्यावरचा रंग अशा दोन फाइलीही दिल्या. दुसरा मॉड सोबत्यांची लढण्याची पद्धत सुधारणारा होता. चेहऱ्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, पण लढण्याची पद्धत बदलायची तर लिडियाच्याच नोंदीला हात लावावा लागतो. लोड ऑर्डरमध्ये तो नंतर होता, म्हणून नोंद त्याची जिंकली, जुन्या नाकडोळ्यांसह. फाइली मात्र पहिल्या मॉडच्याच उरल्या. नोंद सांगते एक तोंड, फाइलीत आहे दुसरं. दोन्ही जुळत नाहीत असं दिसल्यावर खेळाचं इंजिन चेहऱ्यावरचा रंग सोडून देतं आणि समोर येते ती राख.

या खेळाच्या नोंदी कशा वागतात हे कळायला आपल्याकडचा सातबारा आठवावा. सातबाऱ्यावर नवा फेरफार चढतो तेव्हा आधीचे फेरफार पुसले जात नाहीत. स्कायरिममध्ये मात्र प्रत्येक मॉडकार मूळ उताऱ्याची अख्खी नक्कल काढतो, तिच्यात एखादी ओळ बदलतो आणि पूर्ण उतारा परत जमा करतो. दहा जणांनी दहा उतारे जमा केले तर खेळ शेवटचा उचलतो, बाकीचे नऊ उघडूनही बघत नाही. त्या नऊंमध्ये कुणी मोठी चूक दुरुस्त केली असेल तर ती दुरुस्ती गेली. कुणाला कळतही नाही, कारण खेळ चालूच राहतो.

म्हणूनच मला वाटतं की या विषयात सगळ्यात मोठा गैरसमज ‘क्रम नीट लावला की झालं’ हा आहे. कोण जिंकणार एवढंच क्रम ठरवतो. हरलेल्याच्या उताऱ्यात काय होतं आणि त्यातलं काय हवं होतं, हे बघायला माणूसच लागतो.

खोल्यांच्या नोंदी हे याचं सगळ्यात त्रासदायक उदाहरण. प्रकाशयोजनेचा मॉड एखाद्या खानावळीतला उजेड मंद करतो. त्याच खोलीच्या नोंदीत तिथलं संगीत, मालकी कुणाची, पाण्याची पातळी, ती कोणत्या ठिकाणात मोडते, हे सगळंही असतं. ‘अनऑफिशियल स्कायरिम स्पेशल एडिशन पॅच’ हा दुरुस्त्यांचा प्रचंड संग्रह अशा असंख्य खोल्यांना स्पर्श करतो. उजेडाचा मॉड त्याच्यानंतर आला आणि त्याच्या कर्त्याने त्या दुरुस्त्या आपल्या उताऱ्यात उतरवून घेतलेल्या नसतील, तर उजेड सुंदर होतो आणि दुरुस्ती मागे फिरते. उलटा क्रम लावला तर दुरुस्ती राहते, उजेड जातो. या दोघांसाठी बरोबर क्रम अस्तित्वातच नाही. तिसरी फाइल लागते, दोघांचं हवं ते घेणारी. तिलाच पॅच म्हणतात.

लुटारूंच्या हातात काय शस्त्र द्यायचं हे ठरवणाऱ्या याद्यांचंही तसंच आहे. एका मॉडने यादीत दहा तलवारी घातल्या, दुसऱ्याने पाच कुऱ्हाडी. शेवटचा जिंकला की तलवारी खेळात कधीच दिसणार नाहीत, आणि खेळाडू महिनाभर ‘अजून योग आला नाही’ असं समजत राहील. या एका दुखण्यावर औषध फार लवकर निघालं. राय बॅश हे साधन सगळ्या मॉडच्या याद्या एकत्र करून ‘बॅश्ड पॅच’ नावाची वेगळी फाइल बनवतं आणि ती रांगेत शेवटी बसते. याद्या यंत्राने जोडता येतात कारण तिथे दोघांचंही ठेवणं शक्य असतं. चेहऱ्याच्या बाबतीत ते शक्य नाही. एका बाईला दोन नाकं देता येत नाहीत, निवड करावीच लागते.

काही भांडणं तर कुणाचाही हेतू नसताना होतात. मॉडकाराने क्रिएशन किट या बेथेस्डाच्या मॉड बनवण्याच्या साधनात एखादं घर उघडलं, काही बदललं नाही, पण जपून ठेवताना त्या घराची जशीच्या तशी नक्कल त्याच्या प्लगइनमध्ये आली. त्याला पत्ताही नसतो. पण तो प्लगइन रांगेत मागे असेल तर ती कोरी नक्कल आधीच्या मॉडचे बदल पुसून टाकते. दुसरा प्रकार जास्त घातक. एखादी वस्तू लपवण्याऐवजी मुळातून डिलीट केली, आणि दुसरा कुणी तिच्यावर विसंबून असला, तर खेळ तिथल्या तिथे बंद पडतो. पात्रांना चालण्याची वाट सांगणारं नॅव्हमेश नावाचं अदृश्य जाळं डिलीट केलेलं असेल तर तेच घडतं. अशा नोंदींना ‘डर्टी एडिट’ म्हणतात, आणि बेथेस्डाच्या स्वतःच्या विस्तारांच्या फाइलींतही त्या होत्या. निरुपद्रवी नकलांचं फार अवडंबर माजवू नये असं अनेक जाणकारांचं मत आहे आणि ते मला पटतं. डिलीट केलेल्या वस्तू मात्र स्वच्छ करायलाच हव्यात.

क्रम लावण्याच्या साधनांचा इतिहास याच अडचणींच्या मागोमाग चालत आला आहे. ऑब्लिव्हियनच्या काळी खेळ प्लगइनचा क्रम ठरवायचा तो फाइलवरच्या तारखेवरून. ज्या फाइलमध्ये बदल सगळ्यात शेवटी झाला ती शेवटी. क्रम बदलायचा तर तारीख बदला! लोकांनी त्यासाठीही साधनं लिहिली. मग बॉस आलं. त्यात माणसांनी हाताने लिहिलेली लांबलचक यादी होती, कोणता मॉड कुणानंतर. यादीत नसलेल्या मॉडबद्दल ते काहीच सांगू शकत नसे. त्याची जागा लूटने घेतली. लूटकडेही माणसांनी जपलेली माहिती असते, पण ते स्वतः प्लगइन उघडून कोण कुणावर अवलंबून आहे, कुणाच्या नोंदी कुणाशी भिडतात हे बघतं, मॉडना गटांत टाकतं आणि या सगळ्या नात्यांचं जाळं सरळ रांगेत उलगडतं. नात्यांचा वेढा बसला, म्हणजे हा त्याच्यानंतर आणि तोही याच्यानंतर असं झालं, तर हात टेकून सांगतं की इथे चक्र आहे.

लूट फार मोलाचं आहे आणि मी त्याच्याशिवाय कधी सुरुवात करत नाही. ज्याच्यावर अवलंबून आहे तो मूळ प्लगइनच नाही, हा नवशिक्याचा सर्वांत सामान्य घोळ ते एका क्षणात पकडतं. मूळ नसला तर स्कायरिम उघडायच्या आतच कोसळतो. पण तुम्हाला गोरी लिडिया हवी की चपळ लिडिया, हे लूटला कसं कळणार? त्याच्या कर्त्यांनीही कधी तसा दावा केलेला नाही. वापरणाऱ्याला मॉडची आणि क्रमाची स्वतःची जाण हवी, असं त्यांच्याच माहितीपुस्तिकेत लिहिलं आहे. ती ओळ न वाचता लोक एक बटण दाबून निर्धास्त होतात, जसा मीही झालो होतो.

मॉड बसवण्याच्या साधनांत आज दोन नावं पुढे आहेत. मॉड ऑर्गनायझर २ खेळाच्या मूळ फोल्डरला हातच लावत नाही. प्रत्येक मॉड त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतो आणि खेळ सुरू करताना सगळं एकत्र असल्याचा आभास उभा केला जातो. डावीकडे फाइलींची रांग, उजवीकडे प्लगइनची. मी वर सांगितलेल्या दोन रांगा तिथे डोळ्यांसमोर असतात, आणि शिकणाऱ्यासाठी हीच त्याची थोरवी. एखादा मॉड नको झाला तर खूण काढली की तो गेला, खेळाच्या फोल्डरमध्ये मागे काही उरत नाही. व्होर्टेक्स हे नेक्सस मॉड्स या मॉड वाटणाऱ्या संकेतस्थळाचं स्वतःचं साधन. ते रांग ओढायला लावत नाही, ‘हा त्याच्यानंतर’ असे नियम विचारतं आणि प्लगइनसाठी लूट आतूनच चालवतं. गंमत अशी की मूळ मॉड ऑर्गनायझर लिहिणारा टॅनिन या नावाचा प्रोग्रॅमरच पुढे व्होर्टेक्सच्या कामावर होता. पन्नासएक मॉडसाठी व्होर्टेक्स पुरेसं आहे. शे-दोनशेच्या पुढे जायचं असेल तर मी मॉड ऑर्गनायझरच सुचवेन, कारण तिथे कोण कुणाच्या अंगावर बसलंय हे लपत नाही.

एका टोकाला मात्र कसलाही क्रम उपयोगी पडत नाही. प्लगइनमधल्या प्रत्येक वस्तूला सोळाच्या पायातल्या आठ अंकांचा क्रमांक असतो आणि त्यातले पहिले दोन अंक रांगेतली जागा सांगतात. दोन अंकांत २५६ जागा मावतात. शेवटची जागा खेळ चालू असताना जन्मणाऱ्या वस्तूंसाठी राखीव असते, म्हणून प्लगइन २५५ च्या पुढे जाऊ शकत नसत. लोक लहान प्लगइन एकात एक विरघळवून जागा वाचवत, आणि त्या विलीनीकरणातून नव्या चुका जन्माला येत. स्पेशल एडिशनमध्ये पुढे ‘लाइट’ प्लगइन आले. एकाच जागेच्या पोटात ते ४०९६ मावतात, अट एवढीच की प्रत्येकाने नव्या वस्तू मोजक्याच आणाव्यात. या एका सोयीने जितकी डोकेदुखी कमी केली तितकी दुसऱ्या कशानेही केली नसेल.

आवृत्तीचं भांडण हा वेगळाच आजार. स्कायरिम स्क्रिप्ट एक्स्टेंडर, म्हणजे एसकेएसई, खेळाच्या चालत्या प्रोग्रॅममध्ये शिरून त्याला नवी ताकद देतो. त्यामुळे तो खेळाच्या नेमक्या आवृत्तीला बांधलेला असतो. ११ नोव्हेंबर २०२१ रोजी, खेळाच्या दहाव्या वाढदिवशी, अॅनिव्हर्सरी एडिशन आली तेव्हा एसकेएसईवर उभे असलेले असंख्य मॉड एका रात्रीत निकामी झाले. त्यांच्या कर्त्यांना आपलं काम नव्याने बांधावं लागलं. ज्यांनी ते काम कधीच सोडून दिलं होतं त्यांचे मॉड तसेच राहिले. स्टीम या खेळ विकणाऱ्या मंचावर खेळ आपोआप अद्ययावत होऊ न देणं हा मोठी यादी बांधणाऱ्याचा पहिला बचाव असतो, तो यासाठी.

आणि सेव्ह. स्क्रिप्ट असलेला मॉड खेळ चालू असताना सेव्हच्या फाइलीत आपलं सामान ठेवत असतो. चाळीस तास खेळून झाल्यावर तो मॉड काढून टाकला तर सामान तिथेच राहतं, मालक नसलेलं. कधी काहीच होत नाही, कधी दहा तासांनी सेव्ह उघडेनासा होतो. ज्याने आपल्या योद्ध्यावर कित्येक संध्याकाळी खर्च केल्या आहेत त्याला हे दुःख वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून माझा आग्रह असा: यादी आधी पूर्ण करा, एका फेकण्याच्या सेव्हवर तपासा, पाच-सहा मॉडनंतर एकदा खेळ उघडून बघा, आणि खरा खेळ सुरू झाल्यावर मॉड काढायचा मोह आवरा. बॅश्ड पॅच असो, हालचालींच्या फाइली बनवणारं नेमेसिस असो, की लांबचे डोंगर-झाडं दाखवणारं डिनडॉलॉड असो, या गोष्टी संपूर्ण यादी वाचून तयार होतात. यादी बदलली की त्या जुन्या पडतात आणि पुन्हा बनवाव्या लागतात.

हे सगळं इतकं अवघड असायलाच हवं का? दुसऱ्या खेळांकडे बघितलं की उत्तर नाही असं येतं. स्टारड्यू व्हॅलीमध्ये कंटेंट पॅचर वापरणारा मॉडकार ‘या चित्रातला एवढाच चौकोन बदल’ किंवा ‘या यादीतली एवढीच ओळ बदल’ असं सांगू शकतो. दोघांनी एकाच चित्राचे वेगवेगळे तुकडे बदलले तर दोघेही राहतात. अख्खी फाइल बदलायची परवानगी आहे, पण ती दोघांनी मागितली की साधन तिथेच तक्रार करतं, मुकाट्याने एकाला गिळत नाही. रिमवर्ल्डमध्ये मॉड मूळ माहितीतल्या नेमक्या जागेवर बोट ठेवून बदल सुचवतो, आणि आपण कुणाच्या आधी, कुणाच्या नंतर, कुणाबरोबर अजिबात नाही, हे त्याच्याच माहितीपत्रात लिहिलेलं असतं. माइनक्राफ्टच्या डेटा पॅकमध्ये टॅगच्या याद्या आपोआप जोडल्या जातात, मुद्दाम बदला असं लिहिलं नसेल तर. भांडणं तिथेही होतात, विशेषतः दोन मॉड प्रोग्रॅमच्या एकाच तुकड्यात हात घालतात तेव्हा. पण एका ओळीच्या बदलासाठी अख्खा उतारा जमा करण्याची सक्ती तिथे नाही. बेथेस्डाने ही रचना २००२ पासून आजतागायत जवळपास तशीच ठेवली आणि तिची किंमत फुकट काम करणाऱ्या लोकांनी पॅच लिहून लिहून चुकवली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अलीकडे लोकांनी आणखी एक वाट काढली आहे: दुसऱ्याने लावलेली घडी जशीच्या तशी उचलायची. वॅबाजॅक हे साधन एखाद्या जाणकाराची शेकडो मॉडची मांडणी, त्याच्या पॅचसकट, तुमच्या संगणकावर फाइल फाइल जुळवून उभी करतं. नेक्ससने २०२१ मध्ये कलेक्शन्स नावाच्या आपल्या मॉड-संग्रहांच्या तयारीत असाच विचार केला, पण तिथे मोठा वाद झाला. संग्रह टिकायचा तर त्यातल्या फाइली नाहीशा होता कामा नयेत, म्हणून मॉडकाराला आपली फाइल कायमची डिलीट करता येणार नाही, ती संग्रहात दडून राहील, असा नियम आला. अनेकांनी नाराज होऊन आपलं काम काढून घेतलं. खेळाडू म्हणून मला नियमाचं कारण समजतं. पण ज्याने रात्री जागून ती फाइल फुकट दिली, तिच्यावरचा शेवटचा शब्द त्याचाच असायला हवा होता, असं मला आजही वाटतं. आयत्या यादीत आणखी एक उणीव असते. तिच्यात स्वतःचा एक मॉड घालायचा म्हटलं की आपण पुन्हा पहिल्या प्रश्नाशी येऊन थांबतो, आणि आता आधीचे शेकडो निर्णय कुणी का घेतले हेही ठाऊक नसतं.

म्हणून एक्सएडिट शिकावं. ऑब्लिव्हियनच्या काळापासून एल्मिन्स्टरएयू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमरने हे साधन घडवलं आणि स्कायरिम स्पेशल एडिशनसाठी त्याचं नाव एसएसईएडिट. दिसायला रुक्ष, पण या क्षेत्रातलं हे सर्वांत प्रामाणिक साधन आहे. एखादी नोंद उघडली की डावीकडे मूळ उतारा, मग एकेका मॉडचा रकाना, आणि सगळ्यात उजवीकडचा जिंकणारा. जिथे दोघांचं जमत नाही ती ओळ रंगाने उठून दिसते.

लिडियासाठी मी तेच केलं. तिच्या नोंदीत तीन रकाने होते: मूळ खेळ, चेहऱ्याचा मॉड, लढाईचा मॉड. जिंकणाऱ्या नोंदीची नक्कल मी एका नव्या प्लगइनमध्ये घेतली, म्हणजे चौथा रकाना तयार झाला. लढण्याची पद्धत आणि त्यासोबतचे बदल तसेच ठेवले. मग चेहऱ्याच्या रकान्यातून नाक, डोळे, केस, भुवया आणि कातडीच्या रंगाच्या ओळी एकेक करून ओढून माझ्या रकान्यात आणल्या. नवी वस्तू एकही नव्हती, म्हणून प्लगइनवर लाइटची खूण केली, फाइल जपून ठेवली आणि रांगेत शेवटी लावली. पंधरा मिनिटं लागली असतील. ड्रॅगन्सरीचमध्ये परत गेलो तेव्हा ती तिच्या जागी उभी होती, चेहरा उजळ, आणि बाहेर पडल्यावर पहिल्याच लांडग्याशी ती नव्या पद्धतीने लढली.

महिन्याभराने लढाईच्या मॉडची नवी आवृत्ती आली. वर्णनात सोबत्यांच्या नोंदी बदलल्याचं लिहिलं होतं. ती बसवण्याआधी मी एसएसईएडिट उघडून लिडियाचे चारही रकाने पुन्हा वाचायला बसलो.